अनुभवाचा रकाना

"आजकालच्या एमबीएवाल्यांना गिऱ्हाइकाशी बोलताही येत नाही," असं कुरकुरत अंबडच्या कारखान्यात विक्रीच्या नोकरीसाठी मुलाखती घेणारे दिवाकरराव चहा प्यायला उठले. पडद्यापलीकडे माय-लेकी अर्ज भरत बसल्या होत्या.

"आई, अनुभव शून्य लिहू?"

"शून्य? सहावीपासून माझ्याशेजारी फुलं कोण विकतंय?"

"ते नाही धरत गं."

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू भिजला, तवा गिऱ्हाइकाला काय बोललीस?"

"हा उद्या काळा पडेल, सकाळी ताजा न्या."

"मला लय राग आला व्हता. समदी माघारी गेली."

"सकाळी आली की परत!"

"मंग ते लिही."

"हसतील."

पडद्याआड चहा पिणाऱ्या दिवाकररावांनी पडदा सरकवला.

"सुवर्णा कोण?"

तिने अर्ज दिला. दिवाकररावांनी तो चाळला आणि खिशातलं पेन पुढे केलं.

"अनुभवाचा रकाना कोरा राहिलाय. सावकाश भरा, मी थांबतो."