आई अन् एलेनीबाई

भाषेची अडचण माझ्या आईले कधी आलीच नाही गा. जर्मनीत नोकरीले लागल्यावर नऊ वर्षं माझं नागपूरले येणं काही झालं नाही. शेवटी मागच्या उन्हाळ्यात मी तिलेच तिकडे बोलावलं अन् आठ दिवस ग्रीसच्या एका बेटावर घेऊन गेलो. हॉटेल साधं, स्वस्तातलं. वर पाच खोल्या अन् खाली मालकीण एलेनीबाईचं घर. मी दिवसभर फोनवर ऑफिसचं काम करत बसलो. आई पहिल्याच सकाळी एलेनीबाईच्या स्वयंपाकघरात गेली अन् तिच्या बाजूले बसून शेंगा सोलू लागली. ती ग्रीकमध्ये बोले, ही आपल्या कुही गावच्या बोलीत. आठही दिवस हेच.

निघताना एलेनीबाई आईच्या गळ्यात पडून रडली. आईचेही डोळे भरले. बोटीत बसल्यावर मी विचारलं, "आई, तू काहून रडली?"

"तिचा पोरगा ऑस्ट्रेलियात आहे. सहा वर्षं झाली, घरी आला नाही. ती त्याची खोली रोज झाडते, पण कोण्या पाहुण्याले देत नाही."

"तुले ग्रीक कसं समजलं?"

"ऑस्ट्रेलियाले ते लोकही तसंच काहीतरी म्हणतात. तिनं मले खोली दाखवली, पोराचा फोटो दाखवला अन् बोटांवर वर्षं मोजून दाखवली."

"अन् तू तिले काय सांगितलं?"

"मी काय सांगणार बापा? मीही बोटंच मोजून दाखवली."

मले तिच्याकडे पाहवलं नाही.