राजश्रीच्या हातचं पहिलं फूल

मंडळी, आयाबायांनो, तालमीच्या पोरांनो,

हातातली कामं टाकून तुम्ही आलात. मला बोलायला उभं केलंय खरं. शिक्षण चौथीपर्यंतचं, त्यात स्वभाव घाबरट. पाऊस लागला तरी काळजी, उघडला तरी काळजी. आपल्या डॉक्टरीणबाई, शैलजाबाई, मला दवाखान्याच्या दारात बघितलं की म्हणायच्या, "आबा, आज कशाची काळजी आणलीत?" आता काळजी कुणाकडं न्यायची, सांगा बघू?

बाईंनी केलेल्या बाळंतपणांचं माझ्याआधी सगळे बोलले. मी जन्माला न आलेल्या एका बाळाचं बोलणार आहे. शोकसभेत हे बोलतात का? मला ठाऊक नाही. पण आज बोललो नाही तर उशीर होईल. परवा शेवंताबाईंच्या सुनेचं, सुनीताचं ओटीभरण आहे. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं आलं. माझ्या सुनेला आलं नाही.

माझी सून राजश्री. तिकडं मागं, खांबाला टेकून बसलीय ती. दिवाळीच्या आधी तिला दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात गर्भ गेला. पोरगी घरी येऊन टेकते न टेकते तोवर गल्लीत सुरू झालं.

"गाडीवर बसली असंल."

"म्हशीच्या धारंला वाकली असंल की."

आणि शेवंताबाई, राग मानू नका, तुम्ही म्हणालात, "पपई खाल्ली असंल. आमास्नी कोण सांगतंय व्हय!"

राजश्री सगळं ऐकत होती. तिनं जेवण सोडलं. नवऱ्याला म्हणाली, "मीच काहीतरी केलं असणार." त्या बोलण्यानं माझी झोप उडाली. गेलो बाईंकडं.

म्हटलं, "बाई, मी तिला गाडीवर बसू दिली न्हाई. म्हशीजवळ फिरकू दिली न्हाई. पायऱ्या नकोत म्हणून जोतिबाला न्हेली न्हाई. गिरान लागल्यावर भाजी चिरायला इळीला हात लावू दिला न्हाई. पपईवाला गल्लीत आला तर मी दार लावून घ्यायचो."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग आबा, गेलं कशानं?"

मंडळी, तुम्ही सांगा, गेलं कशानं?

बाईंनी मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, "तुमची कोंबडी अंड्यावर बसते. सगळ्या अंड्यांतून पिल्लं निघतात?"

"न्हाई की. दोन-तीन तशीच ऱ्हात्यात."

"मग कोंबडीला शिव्या देता? तिला घराबाहेर काढता?"

"कोंबडीनं काय केलंय वं?"

"तेच तर म्हणते मी. राजश्रीनं काय केलंय?"

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात, त्यातल्या बहुतेकांत दोष गर्भातच असतो. बाईचं आणि पुरुषाचं बीज जुळतानाच काहीतरी चुकलेलं असतं. तो गर्भ वाढणारच नसतो. आईनं वाकून केर काढला, नवऱ्याच्या गाडीवर बसली, भांडली, दचकली, म्हणून तो जात नाही. ग्रहणानं जात नाही. नजरेनं जात नाही. पिकल्या पपईच्या फोडीनं जात नाही.

मी विचारलं, "मग दुसरं कशानंच जात न्हाई?"

म्हणाल्या, "जातो की. साखरेचा आजार अंगात मुरलेला असला, थायरॉईडचं दुखणं असलं, रक्तदाब वाढलेला असला, ताप डोक्यात जाईपर्यंत अंगावर काढला, पिशवीतच काही दोष असला, तर जातो. त्याला तपासणी आहे, औषध आहे. आणि तुमच्या गल्लीतल्या बायका सकाळी दाताला मशेरी लावत बसतात ना? ती तंबाखूच. तिनं गर्भाला धोका आहे. त्याचं कुणी नाव काढत नाही!"

मंडळी, हसू आलं तर हसा. बाईंना आवडलं असतं. मशेरीचा डबा मांडीवर ठेवून पपईला नावं ठेवणाऱ्या बायका मी रोज बघतो.

आणखी एक त्या बजावून म्हणाल्या. पुन्हा पुन्हा असं झालं तर एकट्या बाईला घेऊन येऊ नका, नवऱ्यालाही आणा. अंगावरून रक्त जायला लागलं तर उतारे करत बसू नका, दवाखाना गाठा. एवढं मला तरी पाठ झालंय. तुम्हीही करा.

पण आपल्यात अजून एक धरतात. गर्भ गेलेल्या बाईची सावली पोटुशीवर पडू नये म्हणतात. म्हणून राजश्रीला बोलावणं नाही. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या चिडल्या. म्हणाल्या, "ओटीभरणाला मी येते. राजश्रीला माझ्या शेजारी बसवते. बघू कोण उठतंय!"

आणि गेल्या आठवड्यात बाईच उठून गेल्या.

आता काय करायचं? घाबरून घरात बसायचं? आजवर मी तेच करत आलो. पण नाही. परवा मी राजश्रीला घेऊन येणार. बायकांच्या कार्यक्रमात म्हातारा कशाला म्हणाल, तर मी बाहेर पायरीवर बसेन. तिला आत जाऊ द्या. तिच्या हातून ओटी भरू द्या. शेवंताबाई, माझं हेच मागणं आहे. मी ते चारचौघांत मागतोय.

सुनीता इथं पुढंच बसलीय. पोटुशीनं अशा ठिकाणी येऊ नये म्हणतात, तरी ती आली. बाई तिला तपासत होत्या, म्हणून आली. तिला बघून मला धीर आलाय.

बाईंच्या फोटोला अजून कुणी फूल वाहिलेलं नाही. पहिलं फूल माझी सून वाहील. राजश्री, ये बाळ. वाट सुनीताच्या शेजारूनच आहे. कुणी पदर आवरू नका. कुणी मधे येऊ नका. सावली पडली तर पडू द्या.

सुनीता, तू कशाला उठतेस? बस की.

काय म्हणतेस? फूल तू देतेस तिच्या हातात?

दे बाळ. शेवंताबाई, बघा तुमची सून.

आता सगळे उभे राहूया. दोघी फोटोपाशी आहेत तोवर कुणी बोलू नका. बाई, आम्ही गप्प उभे आहोत.