डॉट कुलकर्णी

आमच्या काकांच्या लॅपटॉपचं तुम्हाला सांगितलं का? इथेच मंगला गौरीच्या देवळापाशी राहतात, भिक्षुकी करतात. पोथीतली बारीक अक्षरं दिसेनात, म्हणून मी त्यांना अख्खी पूजा लॅपटॉपवर एका एडिटरमध्ये मोठ्या अक्षरात टाइप करून दिली. मंत्र काळे, आणि काकांनी स्वतःसाठी लिहिलेल्या सूचना लाल. लाल दिसलं की मनातच वाचायचं. "फक्त फाईलच्या नावातलं शेवटचं 'डॉट पूजा' बदलू नका, त्यावरूनच रंग येतात," हे सतरांदा बजावलं.

कुलकर्णींच्या वास्तुशांतीला काकांनी लॅपटॉप उघडला. मागून बघतो तर सगळं काळं!

"काका, लाल कुठे गेलं?" मी कुजबुजलो.

"अरे, चूप! यजमान बदलला ना, म्हणून शेवटी 'डॉट कुलकर्णी' केलं."

उठून लॅपटॉप ओढावा की काय? तोवर "माझ्यामागून म्हणा" म्हणून काकांनी सूर लावलाही. एक मंत्र झाला, दुसरा झाला, आणि त्याच सुरात, "यजमान पेंगत असेल तर आवाज चढवावा!"

कुलकर्णी दचकून जागे झाले, त्यांनी हात जोडले आणि दुप्पट आवाजात म्हणाले, "यजमान पेंगत असेल तर आवाज चढवावा!"