नारायणाचे पाय कुठं गेले?

मंडळी, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या, मग पुढं जाऊ! देवाचं काम करताना माणसानं त्यात स्वतःसाठी जागा किती ठेवावी? वीतभर? हातभर? — बघा, पुढच्या रांगेतले अण्णा आत्तापासूनच मांडी आवरून घ्यायला लागले!

तर ऐका. एक होता मायदेव. दगड कोरण्यात पटाईत! डोंगराच्या पोटात नारायणाचं लेणं कोरायचं काम त्याच्याकडं आलं. उभा नारायण — अखंड कातळातला! आता तुमचं-आमचं घर कसं? आधी पाया, मग छप्पर. लेण्यात सगळं उलटं! आधी मुकुट, शेवटी पाय. आणि कपची एकदा उडाली की उडाली — ती काय खळ लावून चिकटवणार?

समोरून वाट खणत आणल्यामुळं खालचा कातळ आधीच मोकळा झाला होता. मायदेवाला वाटलं, एवढं मोठं काम करतोय, कुणी केलं ते लोकांना कळायला नको? म्हणून खालच्या दगडात त्यानं पहिल्यांदा कुणाला कोरलं? — स्वतःला! एक पाय पुढं सोडून ऐसपैस बसलेला, पोट सुटलेलं, मिशा पिळलेल्या!

मग वरून नारायण उतरायला लागला. मुकुट झाला, मुख झालं, छाती, कंबर, गुडघे... आणि दगड संपला! जिथं देवाचे पाय यायचे, तिथं हे महाराज बसलेले!

मायदेवाला घाम फुटला. पण कबूल करेल तर शपथ! कुणी विचारलं की म्हणायचा, "देव क्षीरसागरात उभा आहे. गुडघाभर!" वा रे वा! मंडळी, चुकलेल्या माणसाला शास्त्र फार सुचतं!

प्रतिष्ठेचा दिवस जवळ आला. मायदेवाची सासू, आगुबाई, ओंजळभर तुळस घेऊन दर्शनाला आली. म्हातारीची नजर अधू. चाचपडत चाचपडत पुढं झाली, हाताला एक पाय लागला. "नारायणा!" म्हणून तुळस वाहिली, डोकं टेकलं, वर हात फिरवला. हाताला काय लागावं? सुटलेलं पोट! अजून वर — मिशा!

"अगंबाई! जावईबापू, हे तुम्ही?"

मायदेव दोन पावलं मागं सरला.

"लग्नात तुमचे पाय धुतले, ते मुलीसाठी. आता देवळातही तुमचेच धुवायचे का? देवाचे पाय कुठं आहेत?"

"क्षीरसागरात," मायदेव पुटपुटला.

"मग मी डोकं कुठं टेकू?"

म्हातारीनं एकेक पान वेचून परत पदरात बांधलं, आणि ती पायरीवर जाऊन बसली. रागावली नाही हो! रागावली असती तर बरं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहिलं आणि मायदेवाच्या काळजात चर्र झालं. एवढा डोंगर पोखरला, आणि एका म्हातारीला डोकं टेकायला जागा ठेवली नाही!

त्यानं छिन्नी उचलली. मंडळी, ती बैठी मूर्ती त्याच्या हातून झालेलं सगळ्यात देखणं काम होतं! तरी पहिला घाव घातला — मिशीवर! मग गेलं नाक, गेली छाती. दिवसामागून दिवस टाकी चालत राहिली. स्वतःला फोडत फोडत तो आत गेला, आणि उरलेल्या दगडातून नारायणाची दोन पावलं बाहेर आली.

आगुबाईला हाताला धरून आणलं. तिनं पावलं चाचपली, बोटं मोजली, तुळस वाहिली.

"सापडले का हो? कुठं होते?"

मायदेव म्हणाला, "माझ्या पोटात होते, आई."

हसताय? हसा, हसा! पण उद्या देवळात जाल, तुमच्यातल्या कुणी नाव कोरून पायरी बांधली असेल, कुणी घंटा टांगली असेल. हात जोडण्याआधी जरा खाली बघा — देवाच्या पायांवर कोण बसलंय? ओळखीची मिशी दिसली, तर दुसऱ्याला हाक मारू नका. छिन्नी आपल्याच हातात आहे!

चला, आता टाळ उचला — आणि माना जरा खाली, पाय तिकडंच आहेत!