कमानीच्या अलीकडे

शिगेनो : आणखी एक पाऊल पुढे टाकलंस ना, तर इथेच, भर चौकात, कानाखाली वाजवीन!

कुनिहिको : साठीला आलो मी, ताई. लोक बघतायत.

शिगेनो : बघू देत! बापाला जाऊन महिना नाही झाला आणि हा उत्सवाचा डगला चढवून देवळात निघालाय. घरात अस्थी आहेत अजून. देव्हाऱ्यावर सुतकाचा पांढरा कागद लावलाय मी. पन्नास दिवस देवळाच्या या तोरी कमानीखालून आपल्यापैकी कुणी जायचं नाही, हे टोकियोत जन्मलेल्याला सांगावं लागतं?

कुनिहिको : आपल्यापैकी म्हणजे कुणापैकी?

शिगेनो : शब्दांत पकडू नकोस.

कुनिहिको : सांग ना! बाबांचं चटयांचं दुकान नको म्हटलं, नागोयाला मोटारींच्या कारखान्यात गेलो, तेव्हा बाबा गल्लीत उभे राहून काय ओरडले? 'आजपासून तू माझा मुलगा नाहीस.' समोरच्या मासेवाल्यानंसुद्धा ऐकलं. मुलगाच नाही, तर सुतक कसलं? मी परका. पालखीला खांदा देणार. हो बाजूला.

शिगेनो : वा रे परका! दहनाला कुठे होतास?

कुनिहिको : कुठल्या रांगेत बसलो असतो? घरच्यांच्या की शेजाऱ्यांच्या? फोनवर एवढंच म्हणालीस, 'बाबा गेले, कळवायचं म्हणून कळवते.' ये म्हणालीस?

शिगेनो : बापाच्या मयताला आमंत्रण हवं होतं?

कुनिहिको : हो, हवं होतं! इतकी वर्षं त्या घरात कुणी ये म्हटलं नाही मला!

शिगेनो : मी काय मजेत होते? पेज भरवली तर थुंकायचे. उठवून-बसवून माझे गुडघे गेले. आणि हा येऊन मिरवणार!

कुनिहिको : मिरवायला नाही गं. लहानपणी पालखीखाली तेवढे बाबा माझ्याशी नीट बोलायचे. 'पाय उचल, कुनी, पाय उचल.' बाकी वर्षभर नुसत्या शिव्या.

शिगेनो : शिव्या कुणाला चुकल्या? माझ्या लग्नात भरल्या पंगतीत मला माकड म्हणाले. म्हणून मी झाडावर राहायला गेले? म्हणे मुलगा नाही! आरशात बघ. तोच हेकटपणा, तेच वाकडं तोंड. जायचंय ना? जा. पण गेलास तर खरंच परका हो. अस्थी थडग्यात ठेवायला मी एकटी जाईन.

कुनिहिको : आणि नाही गेलो तर?

शिगेनो : तर सुतक आहे तुला. माझ्याइतकंच. राहा उभा इथे उन्हात.

(कमानीतून पालखी रस्त्यावर येते.)

एक पालखीवाला : ओ काका! डगला घालून बघत काय उभे? उजवीकडे जागा आहे, या, द्या खांदा!

कुनिहिको : नाही, यंदा नाही जमायचं.

पालखीवाला : का? पाठ धरली?

कुनिहिको : नाही. वडील गेलेत माझे.