नऊ-आठची तारीख

कोठी भागातल्या दवाखान्यात माझ्या शेजारी लक्ष्मणराव आणि त्यांचे जावई हर्षद बसले होते. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना नुकतंच परत पाठवलं होतं.

“आज नऊ ऑगस्टच ना?”

“हो, बाबा.”

“मग ती बाई कायकू म्हणते, तुमचं ऑपरेशन आठ सप्टेंबरला?”

“मी ॲपवर नऊ-आठ टाकलं. ॲपनं ते आठ सप्टेंबर धरलं. अमेरिकेत महिना आधी लिहितात.”

“पण दवाखाना तर कोठीत आहे.”

“हो. सेटिंग अमेरिकेचं राहून गेलं.”

“मी रात्रीपासून उपाशी बसलो. आता महिनाभर असाच बसू?”

“चिडू नका ना. सॉफ्टवेअरमध्ये होतं असं.”

“हौ, होतं. कुणी बनवलं हे ॲप?”

“आमच्याच टीमनं.”

“वा! लग्नात तुमचे वडील सांगत होते, पोरगा कंपनीत फार मोठा. न तपासताच सोडून दिलं?”

“तपासलं होतं की! मी स्वतः तपासलं. तारीख अगदी बरोबर आली.”

“कोणती टाकली होती?”

“त्याच दिवसाची. सात जुलै.”

“सात तारीख, सातवा महिना.”

“हो.”

“उलटी वाचा नाहीतर सुलटी, सातच! फार डोकं लावलं, जावईबापू.”

“दुरुस्त होणार आहे, बाबा. अमेरिकेतल्या टीमचा मेल आलाय.”

“कधी होणार?”

“दहा-नऊ लिहिलंय.”

“दहा सप्टेंबर, का नऊ ऑक्टोबर?”

“थांबा. अमेरिकेतल्या टीमला विचारून सांगतो.”