पुनम दिसून राहिली का?

"हॅलो? हां आई, बोल… ऐकून राहिले मी. टीव्ही लागला का?"

पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. लातुरातल्या टीव्हीच्या दुकानात वर्षाराणीनं फोन खांदा आणि कानाच्या मधी दाबून धरला. एका हातात रिमोट, दुसऱ्या हातात गिऱ्हाइकासाठी आणलेला चहा. गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं, चहा तसाच राहिला होता.

"लागलाय ना? मग झालं… चांगला न्हाई? चांगला न्हाई म्हंजे कसा?… धुकं पडल्यावानी? आगं, धुकं कुठलं आलं आता… बरं, बरं. तुला दिसतंय ते तू सांग, मी ऐकते."

आईची घाई वर्षाराणीला कळत होती. वर्षाराणीची धाकटी बहीण पुनम राज्याच्या खो-खो संघात होती आणि आज पाच वाजता अंतिम सामना होता, दूर कुठल्या तरी राज्यात. पुनम नऊ वर्षं खेळत होती. या नऊ वर्षांत गुणाबाईनं, म्हणजे यांच्या आईनं, तिचा एक सामना डोळ्यानं बघितला नव्हता. देगलूरच्या पुढं गाव, घरी म्हैस, शेतात काम, कुठं जाणार? दरवेळी वर्षाराणीनं फोनवर निकाल सांगायचा आणि आईनं "बरं झालं माय" म्हणायचं, एवढाच तिच्या वाटणीचा खेळ. म्हणून वर्षाराणीनं सोमवारी दुकानातला एक त्रेचाळीस इंची टीव्ही टेम्पोत घालून गावी पाठवला होता. आज तो दिसला नाही तर सगळी खटपट पाण्यात.

"शेजारचे मलप्पाकाका हायत का तिथं? त्यांना म्हणावं, पडद्याच्या कोपऱ्यात नखानं उचकटून बघा… हाव, प्लास्टिक असतंय पातळ… काढलं न्हाई? का?… नवं हाय म्हणून? आई, मिक्सरचं प्लास्टिक चार वर्षं तसंच ठेवलंस, त्याला मी काही म्हणले का? ह्याच्यातून बघायचंय गं… धूळ बसू दे. धूळ पुसता येती… ओल्या फडक्यानं न्हाई हां, कोरड्या."

प्लास्टिक निघालं. फोनमधून त्याचा लांबलचक आवाज इकडं लातुरात ऐकू आला. गुणाबाईच्या जिवाला तो चांगलाच लागला असणार.

"आता?… जरा बरं हाय? जराच? रंग उडालेलेच? थांब, थांब. तू बसलीस कुठं?… भुईवर. आन सामना बघायला आलेल्या बाया?… त्या बी भुईवर. आन टीव्ही?"

उत्तर ऐकून वर्षाराणीनं जीभ चावली.

"पार वर, पत्र्याखाली टांगलाय? देवाच्या फोटोच्या बी वर?… शेळीचं शिंग लागंल म्हणून? आई गं…"

दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वर्षाराणी आधी एकच विचारायची, तुम्ही बसणार कुठं? लोकांना वाटायचं, काय आगाऊ पोरगी आहे, टीव्ही दाखवायचा सोडून बसायचं विचारते. पण तिचं खरं होतं. काही पडदे समोरून बघावेत, काळा रंग काजळासारखा दिसतो, पण खालून किंवा कडेनं बघितलं की सगळं फिकट पडतं. दुसऱ्या जातीचे पडदे काळ्यात जरा कमी पडतात, पण कुठल्याही कोपऱ्यातून सारखेच दिसतात. हे पटवायला ती सहावारीतल्या बायांनासुद्धा दुकानात भुईवर बसवून टीव्ही बघायला लावायची. आणि स्वतःच्या घरचा टीव्ही घेताना मात्र बाईसाहेब बरोबर समोर उभ्या राहिल्या, काळा रंग बघून भुलल्या आणि खोकं बांधून मोकळ्या झाल्या. दुनियेला शहाणपण विकून घरी हा उजेड.

"आई, चूक माझी हाय. टीव्हीची न्हाई. तू उभी राहा बरं… पाट घे, पाटावर उभी राहा… आला ना रंग? मैदान कसलं दिसतंय?… निळं. बरोबर, मॅट हाय ती. आता खाली बस… गेला ना? तसंच हाय ते. त्याच्या डोळ्याला डोळा लावून बघावं लागतंय… न्हाई गं, तीस बायांनी पाटावर उभं राहून कसं चालंल? टीव्ही खाली काढायचा. लोखंडी पेटीवर ठेवायचा."

घड्याळात पावणेपाच झाले होते.

"दोघांनी कडेला धरा म्हणावं. पडद्याला बोट लावायचं न्हाई, अजिबात न्हाई… हाव. आता त्याचे पाय लावायचे… टीव्हीचे गं. काळे, दोन. खोक्यातच हायत. खोकं कुठंय?… कोण बसलंय?"

वर्षाराणीनं चहा काउंटरवर ठेवला.

"खोक्यात कोंबडी? आई, खोकं येऊन चार दिवस न्हाई झाले… खुडूक झाली म्हणून लगेच बसवली? किती अंड्यांवर?… अकरा. बरं, ऐक. अंड्यांखाली भुसा असंल. भुशाखाली थर्माकोल. थर्माकोलमधी पिशवी, पिशवीत पाय… चोच मारती? मारणारच, तिचं घर हाय ते आता. मलप्पाकाकांना हात घालायला सांग… काका कानडीत काय बोलून राहिले? मला कळंना… तू बी सांगू नको मग."

शेजारच्या काउंटरवरचे लोक आता उघडउघड ऐकत होते. एक बाई तर फ्रिजचं दार उघडं टाकून जवळ येऊन उभी राहिली.

"मिळाले? दोन्ही?… अंडी शाबूत? लई चांगलं. स्क्रू दोनच सापडले? चालतंय, मागून उशी लाव. ठेवला?… आता भुईवर बस आन सांग. निळं दिसतंय? सगळ्यांना दिसतंय? कडेच्या बायांना जरा मधी सरकव, दाटीवाटीनं बसा… हाव."

पाच वाजले. वर्षाराणीनं दुकानातल्या सगळ्या टीव्हींवर तेच चॅनल लावलं. मालकही खुर्ची ओढून पुढं बसले. भिंतभर एकदम सव्वीस पुनम मैदानात आल्या.

"आई, पुनम दिसून राहिली का?… पाठीवर नऊ नंबर… आई?… बोल ना. दिसली?"

पलीकडून नाक ओढत ओढत गुणाबाईचे प्रश्न सुरू झाले.

"हाव, वाळलीय जरा… गुडघ्याची पट्टी जुनीच हाय, काही झालं न्हाई तिला… केस तिनंच कापले, मी न्हाई सांगितलं. आई, रडू नको. रडलीस तर कुठला बी टीव्ही धुरकटच दिसंल. डोळे पूस आन बघ."

मग खेळ सुरू झाला आणि दोघींचा मेळ बसेना. वर्षाराणी "बाद, बाद" म्हणायची आणि आई विचारायची, कोण बाद, कुठं बाद? दोन-तीनदा असं झाल्यावर वर्षाराणीच्या ध्यानात आलं. दुकानात चित्र गच्चीवरच्या डिशच्या छत्रीवरून येत होतं, घरी मलप्पाच्या मोबाईलच्या नेटवरून. घरचा सामना अर्धा मिनिट मागं होता.

"आई, तुझ्याकडं उशिरा येऊन राहिलं… टीव्ही खराब न्हाई गं, नेटवरून असंच येतंय… बरं. बरं, न्हाई सांगत आधी. तोंडाला कुलूप लावलं, बस?"

शेवटची वीस सेकंदं उरली तेव्हा गुण बरोबरीत होते. एक गडी बाद केला की जिंकलं, नाहीतर पुन्हा सगळं पहिल्यापासून. पुनमला खो मिळाला. समोरची पोरगी खांबाला वळसा घालून निसटली असं वाटलं तेवढ्यात पुनमनं खांबाला धरून अख्खं अंग हवेत झोकून दिलं आणि बोटं त्या पोरीच्या टाचेला लागली. पंचाचा हात वर गेला. मालक खुर्चीवरून उठून नाचायला लागले.

वर्षाराणीनं फोनवर तळहात दाबला आणि ती धावत मागच्या गोदामात गेली. दार लावलं, खोक्यांवर बसली आणि ओढणी दातात धरली. आनंदानं छाती फुटायची वेळ आली होती, पण तोंडातून आवाज काढला नाही. मग हात काढला.

"हां आई… काय झालं? मला काय म्हाईत? समोर गिऱ्हाईक उभं राहिलं, मला न्हाई दिसलं. तूच बघ. बघ आन मला सांग."

ती वाट बघत राहिली. तेवढ्यात फोनमधून तीस बायांचा असा कल्लोळ आला की तिनं फोन कानापासून लांब धरला.

"आई? सांग ना… बाद केली? कुणी?… आपल्या पुनमनं? खरं?… आडवी होऊन? अख्खी?… मग?… मग पंच काय म्हणला?… जिंकलो?"

गुणाबाईनं सगळं सांगितलं. शेवट आधी सांगितला, मग सुरुवात, मग मधलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. वर्षाराणी डोळे पुसत, जणू काहीच ठाऊक नाही अशी, "मग? मग?" विचारत राहिली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच आई तिला निकाल सांगत होती.

"…काय? ठेवते म्हणतीस?… कुणाला लावायचाय फोन? पुनमला? आगं, तिला काय सांगणार, तिनंच तर जिंकला सामना…"

आई काहीतरी बोलली. वर्षाराणी खोक्यांवरून उठून उभी राहिली.

"हाव… हाव आई. तू बघितलंस हे तिला कुठं ठाऊक हाय? ठेव मग. माझ्याशी बोलू नको आता, लवकर ठेव."